पाणी ओतून घर पाहणारी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलल्या. दुसरं काही विशेष नाही. थंडीची दुपार होती. ती अंगणात तिच्या चाकाच्या खुर्चीवर, मी खाली पोतं अंथरून. मधे शेंगांचा ढीग. तिचा हात आधीपासून चलाख. माझी एक शेंग होईपर्यंत तिच्या तीन व्हायच्या, अन् वरून लक्ष माझ्याच हाताकडे.

“मिस्त्री, दाणे सोलून राहिले का खाऊन राहिले?”

“दोन्ही.”

“मंग सोल्याच्या भाजीत काय टाकू? टरफलं?”

“टाक वं. इतकी वर्षं तुह्या हातचं खाल्लं, मले काय फरक पडते.”

ती हसली. तिचं हसणं तोंडातून कमी अन् खांद्यांतून जास्त. दोन्ही खांदे हलायचे, आवाज नाही. मग ऊन भिंतीवरून सरकत सरकत तिच्या मांडीवर आलं. दाण्यांची ताटली तशीच मांडीवर ठेवून ती म्हणाली, “जरा डोळे मिटते. चहाच्या टायमाले उठवा.”

त्याच्या पुढचं शेवटी सांगतो. ते आधी सांगून टाकलं तर बाकीचं माझ्याकडून लिहून होणार नाही, अन् बाकीचंच जास्त आहे.

ती माझी बायको नंतर झाली, आधी माझी रेजा होती. रेजा म्हणजे बांधकामावर डोक्यावर घमेलं घेऊन माल वाहणारी बाई. मी तेव्हा नवीनच मिस्त्री झालो होतो. मी भिंत बांधायचो, ती मला माल पुरवायची. पहिल्याच दिवशी तिनं घमेलं खाली ठेवलं, एक डोळा मिटून माझी भिंत पाहिली अन् सगळ्यांसमोर म्हणाली, “मिस्त्री, तुमची भिंत कोणाची तरी वाट पाहून राहिली.”

ओळंबा लावून पाहिलं. भिंत खरंच बाहेरच्या अंगाला झुकलेली, दारात उभं राहून रस्त्याकडे मान काढलेल्या माणसासारखी. मी रागारागानं वरचे तीन थर उतरवले. पुढच्या वर्षी तिच्याशी लग्न केलं.

लग्नात बायकांनी तिला अडवलं, नाव घे म्हणून. तिला माझं नाव येत नव्हतं असं नाही, तिला ते आवडत नव्हतं. तिनं घेतलं ते असं:

“विटेवर वीट, वर माल घट्ट,
मिस्त्रीचं नाव घेते, सोडा आता हट्ट.”

बायका म्हणाल्या, हे काय नाव झालं? ती म्हणाली, माह्यासाठी हेच. मग जन्मभर मी मिस्त्रीच राहिलो. घरात मिस्त्री, बाजारात मिस्त्री, पोरीच्या शाळेत मिस्त्री. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, सोबत कोण आहे? तर म्हणे, मिस्त्री आहे. डॉक्टरला वाटलं, मी दवाखान्याचा गळका स्लॅब पाहायला आलो.

तिचं एक येड होतं. जिथं काम चालू असेल तिथं दुपारच्या सुट्टीत बाकीच्या रेजा झाडाखाली बसायच्या. ही नाही. ही डबा घेऊन त्या अर्ध्या घरात जायची. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, वर नुसतं आभाळ. त्यात ती फिरायची अन् एक कोपरा पसंत करायची. “हा माहा,” म्हणायची, अन् तिथं बसून जेवायची. जेवता जेवता ते घर मांडायची. इथं म्हातारी झोपन. इथं सकाळचं ऊन येईन तं पापड वाळवाले बरं. इथं पोरगं अभ्यास करन अन् खिडकीतून बाहेरच पाहन. मालकाला त्याच्या घरात काय होणार ते ठाऊक नसायचं तेव्हा हिला ठाऊक असायचं.

एकदा मी म्हटलं, “अवं, लोकाच्या घरात काहून जीव लावतं?”

“लोकाचं कशाचं? ते येतीन दिवाळीले. तोपर्यंत माहंच आहे.”

अशी ती नागपुरातल्या न मोजता येतील इतक्या घरांत राहिली. एकेका जेवणापुरती. आम्ही स्वतः राहायचो ते भाड्याच्या दोन खोल्यांत, वरच्या माळ्यावर. जिना अरुंद, सतरा पायऱ्या.

मग तिचा मणका गेला. किती वर्षं डोक्यावर भार, तो कुठं तरी निघणारच. ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काही हलेना. पाय गेले असं कोणी म्हटलं तर ती चिडायची. “पाय गेले कुठं? पाय इथंच आहेत. फक्त कामावर येणं बंद केलं त्यांनी.”

चाकाची खुर्ची आली, पण खुर्चीला सतरा पायऱ्या काय कामाच्या? खाली न्यायचं तर मी तिला पाठीवर घ्यायचो. शेजारचा कोणी खुर्ची घडी करून खाली आणायचा. तिला ते अजिबात सहन व्हायचं नाही. दुखायचं म्हणून नाही. “मले उचलू नका. मी रेती आहो का?” हे ती प्रत्येक वेळी म्हणायची, अन् प्रत्येक वेळी उचलावं लागायचंच. म्हणून तिनं दवाखान्याशिवाय खाली जाणंच सोडलं. दोन वर्षं खिडकीत बसून राहिली. खिडकीतून समोरच्या घराची मागची भिंत दिसायची. तिचा गिलावा खराब होता, तेवढंच तिला बोलायला.

एकदा दवाखान्यातून परत आलो. मी तिला पाठीवर घेऊन चढत होतो. अकराव्या पायरीवर माझा गुडघा अडकला. वर जाईना, खाली येईना. माझी सत्तरी उलटलेली. हळूच तिला पायरीवर बसवलं अन् मीही बाजूला बसलो. तासभर आम्ही जिन्यात. लोक आमच्यामधून वाट काढत जात-येत होते. एकीनं विचारलं, “काहून बसले जी इथं?” ही म्हणते, “हवा खाऊन राहिलो.”

जिन्यात एक झरोका होता. त्यातून उन्हाची पट्टी येत होती, तिच्यात धूळ तरंगत होती. ती किती तरी वेळ त्या धुळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मिस्त्री, आपुन घर पाहू.”

“कसं?”

“जिथून मी माह्या हातानं बाहेर जाईन अन् माह्या हातानं आत येईन. कोणी उचलाचं नाही. तुम्ही पण नाही.”

मी हो म्हटलं. त्या पायरीवर मी कशालाही हो म्हटलं असतं.

पहिली पाच-सहा घरं मी एकट्यानं पाहिली. तिनं मला सांगून पाठवलं होतं, फरशीवर पेलाभर पाणी ओता अन् ते कुठं जाते ते पाहा. आता मला सांगा, परक्याच्या घरात उभं राहून पाणी कसं ओतायचं? मी घरी येऊन खोटं सांगितलं.

“ओतलं पाणी?”

“ओतलं.”

“कुठं गेलं?”

“मोरीकडं.”

“किती वेळात?”

मी पिशवी खुंटीला लावायला लागलो. ती म्हणाली, “उद्यापासून मी येते.”

म्हणजे पुन्हा पाठीवर, पुन्हा जिना, ऑटो, मग त्या घराच्या पायऱ्या. घर पाहण्यापुरतं उचलणं तिनं मान्य केलं होतं, पण तोंड दुसरीकडे फिरवून. आत गेली की खुर्चीवर बसायची, पिशवीतून तांब्या काढायची अन् मालकाशी बोलता बोलता पाणी ओतायची. सगळे ओरडायचे. ती त्या पाण्याकडे अशी पाहायची जसं कोणी झोपलेल्या लेकराकडे पाहते. पाणी आधी थबकायचं. मग त्याला एक बारीक टोक फुटायचं. मग ते टोक फरशीच्या सांध्यातून, खाटेखालून, कुठं तरी निघायचं.

“माणूस घर दाखवते, पाणी घर सांगते,” ती म्हणायची. “जिकडं पाणी जाईन तिकडं माही खुर्ची जाईन. पोळी करता करता मी मोरीत जाऊन पडू का?”

एका बाईला वाटलं, ही करणी करून राहिली. तिनं लिंबू आणून दारात ठेवलं. दुसरीनं फडकंच फेकलं आमच्या अंगावर, “पुसा आता!” मी पुसलं. बायकोचं पाणी मी पुसलं, त्यात लाज कसली? लाज होती ती मनातली, की आपण चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली, पण एक घर असं बांधलं नाही ज्यात चाकावरचं माणूस आत येईल. कोणी सांगितलं नाही अन् आपल्याला सुचलं नाही.

तिच्या पिशवीत तांब्यासोबत एक सुतळी असायची. तिला दोन गाठी. एक खुर्चीच्या रुंदीची, एक तिच्या हाताच्या उंचीची. दाराला लावायची, कडीला लावायची, दिव्याच्या बटणाला लावायची. मग विचारायची ते भलतंच. इथून हाक मारली तं शेजारी ऐकू जाते का? किराणा किती लांब? रस्त्यात नाली उघडी आहे का? मी म्हणायचो, मी आहो ना किराणा आणाले. ती ऐकलं न ऐकल्यासारखं करायची.

त्याच दिवसांतली गोष्ट. एक घर पाहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं. कोणी तरी तिला सांगितलं की मेट्रोला पायरी लागत नाही, लिफ्ट आहे, आत डब्यात खुर्ची सरळ जाते. झालं. सीताबर्डीला आम्ही लिफ्टनं वर गेलो. लिफ्टमधे ती माझ्याकडे पाहत होती, मी उचलत तर नाही ना म्हणून. डब्यात ती खुर्ची स्वतःच्या हातानं लोटत गेली. कोणी हात लावला नाही. ब्रेक लावला अन् काचेजवळ बसली.

गाडी निघाली. खाली शहर. आम्ही दोघांनी आमचं शहर वरून कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं असेल तर एका वेळी एकच गच्ची, तीही ओली. आता सगळ्या गच्च्या एकदम चालल्या होत्या, टाक्या, वाळत घातलेली लुगडी, झोपलेली कुत्री. ती बोट दाखवायला लागली.

“तो स्लॅब आपला.”

“कोणता?”

“तो, निळी टाकी. मले ताप होता त्या दिवशी. तो, तिकडं, लंबा. तो पण. अन् त्या घरात मी खिडकीजवळ बसली होती, पाहा, त्यायनं खिडकी बुजवली ना बाप्पा!”

ती हळूहळू बोलत होती, झोपेत बोलावं तसं. शेवटचं स्टेशन आलं. मी म्हटलं, चल. ती उतरली नाही. गाडी परत फिरली, आम्हीही परत फिरलो. परत येताना दुसऱ्या बाजूच्या गच्च्या पाहिल्या. ते घर त्या दिवशी पाहायचं राहिलंच. किती तरी दिवसांनी, सीताबर्डीपासून पुढं तरी, तिला कोणी उचललं नव्हतं.

घर शेवटी मिळालं ते मौद्याच्या रोडकडं, शहर संपत येतं तिथं. मालक म्हणजे एक रिटायर गुरुजी, बाजूच्याच अर्ध्या घरात एकटे राहायचे. तिनं पाणी ओतलं तसे ते ओरडले नाहीत. म्हणाले, “हे काय करून राहिल्या बाई?”

“तुमच्या घराले विचारून राहिली.”

गुरुजींनी चष्मा नाकावर नीट केला अन् चक्क खाली फरशीवर बसले. आम्ही तिघं पाण्याकडे पाहत बसलो. पाणी गोल पसरलं अन् थांबलं. टोक फुटलं नाही. कुठंच गेलं नाही. वरच्या उजेडदानाचं आभाळ त्यात दिसत होतं.

“थांबलं,” गुरुजी म्हणाले, जसं काही त्यांचा पोरगा पास झाला.

“हे घर बसलेलं आहे,” ती म्हणाली. “बाकी सगळी उभी होती.”

दारं रुंद होती. आतले दोन उंबरठे छन्नीनं काढायला गुरुजींनी परवानगी दिली. अडचण एकच. घराचं जोतं दीड फूट उंच, समोर तीन पायऱ्या. गुरुजी म्हणाले, अंगणात पाहिजे तो उतार बांधा, फक्त ते सीताफळाचं झाड तोडू नका, माह्या आईनं लावलं आहे.

उतार बांधणं म्हणजे माझ्यासाठी काय? किती घरांसमोर बांधले मी. एका दिवसात केला. पायऱ्यांच्या बाजूला, चार फूट लांब, वर घोटाई करून असा गुळगुळीत की तोंड पाहावं. दुसऱ्या दिवशी तिला दारात आणलं. तिनं उतार वरपासून खालपर्यंत पाहिला.

“हे कोणासाठी बनवलं?”

“तुह्यासाठी. अखीन कोणासाठी?”

“मी काय फटफटी आहो?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही मिस्त्री लोक घरासमोर उतार बांधतो तो गाडी आत घ्यायला. माणूस धक्का देतं, गाडी वर चढते. मला दुसरा उतार ठाऊकच नव्हता. पण चूक कळली म्हणून मिस्त्री ती कबूल करतो असं नाही.

तिनं तांब्या ओतला. पाणी धावत खाली गेलं, फाटकाखालून निघून रस्त्यावर.

“पाणी पळालं, मिस्त्री. मी पळू का?”

“मी आहो ना मागून धराले!”

“आहा तोवर आहा.” तिनं तांब्या मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही. “तुमचा गुडघा जिन्यातच बसला. उद्या तुम्ही गेले तं मले कोण धरन? मी हे घर आपल्यासाठी नाही पाह्यलं. तुमच्या माघारी राहाले पाह्यलं.”

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मी मरणार याचं वाईट नाही वाटलं, सगळेच मरतात, अन् मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. वाईट याचं वाटलं की आम्ही इतकी घरं पाहिली, अन् त्यांतल्या एकाही घरात मी नव्हतो. ती हाक किती लांब ऐकू जाते ते विचारायची, तेव्हा ती मला हाक मारत नव्हती. कडीची उंची पाहायची, तेव्हा दार उघडायला मी नव्हतो. मी तिच्या बाजूला उभा राहून, हातात फडकं घेऊन, माझ्याशिवायचं घर पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी घण घेऊन उतार फोडला. ती आतून म्हणाली, “मिस्त्री, फोडून राहिले का नुसतेच रागावून राहिले?”

“दोन्ही.”

“मंग चहा घ्या आधी.”

दुसरा उतार आम्ही दोघांनी मिळून केला. अंगणात ती खुर्ची फिरवायची, मी तिच्या चाकांच्या मागे मागे चुन्याची फक्की टाकत जायचो. सरळ जागा पुरेना, म्हणून ओट्यापासून निघून, भिंतीच्या कडेनं, सीताफळाला वळसा घालून फाटकापर्यंत. वळणावर तिनं खुर्ची गोल फिरवून दाखवली, मी गोल आखला. जमिनीवर ती पांढरी रेघ पाहून गुरुजी म्हणाले, नदी काढली का काय?

उंची जुळवायच्या लेव्हलच्या नळीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. नळीत पाणी भरलेलं. तिच्या टोकाचं पाणी हललं की माझ्या टोकाचं हलायचं. चाळीस वर्षांपूर्वी अशीच नळी धरायचो, तेव्हा ती भिंतीवर चढून उभी असायची. आता बसून होती, एवढाच फरक. पाणी थांबलं की दोघं एकदम म्हणायचो, “आहे.”

किती ढाळ द्यायचा ते कोणत्या मापानं नाही ठरलं. तिनं पाणी ओतायचं अन् पाहायचं. “अजून पळून राहिलं. अजून. आता पाहा, आता चाललं. असंच पाहिजे, पाणी चाललं पाहिजे.” पाणी तसं चालायला उतार किती तरी लांब न्यावा लागला. घोटाई तिनं करू दिली नाही. काठीला खराटा बांधून, खुर्चीवर बसून, ओल्या सिमेंटवर तिनं स्वतः आडव्या रेघा ओढल्या, चाक घसरू नये म्हणून.

सिमेंट वाळलं, पंधरा दिवस पाणी मारून तराई झाली. मग एका सकाळी मी जागा झालो तर खाट रिकामी. खुर्ची नाही. दार उघडं. धावत बाहेर आलो तर ती फाटकाबाहेर, भाजीवालीशी भांडून राहिली होती. “हे वांगे का तुह्या सासूच्या लग्नातले आहेत वं?” मला पाहिलं अन् म्हणाली, “तुम्ही काहून उठले? झोपा.”

मी आत येऊन खरंच खाटेवर पडलो. बाहेरून चाकांचा आवाज आला, हळूहळू, वळणावर थांबला, पुन्हा आला. ती स्वतःच्या हातानं आत आली.

त्यानंतरचे चार महिने मला एका लांब दुपारसारखे आठवतात. ती “येते, मिस्त्री,” म्हणायची अन् निघायची. गल्लीच्या टोकापर्यंत जायची, कोणाच्या ओट्याजवळ थांबायची, नवीन बांधकाम दिसलं की तिथं जाऊन मिस्त्रीच्या चुका काढायची. मी खिडकीत. ती मागे वळून पाहायची नाही.

अन् एक नवीनच येड काढलं. आठवड्यातून एक दिवस सकाळी म्हणायची, “आज तुम्ही मेले असं समजते. बोलू नका.” म्हणजे मी खाटेवर बसायचं, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. ती एकटी आंघोळ करायची, पोळ्या करायची, केर काढायची, दाराला कुलूप लावून किराणा आणायची. मी माझ्याच घरात बसून माझ्याशिवायचं घर पाहायचो. डबे सरकायचे, वरणाचा वास यायचा, ऊन फिरायचं. एकदा तिखटाचा डबा वरच्या फळीवर राहिला होता. ती हात लांबवून लांबवून थकली. मी उठायला लागलो.

“मेलेला माणूस उठते का?”

मी बसलो. तिनं लाटण्यानं डबा ढकलत ढकलत कडेला आणला अन् पदरात झेलला. मग माझ्याकडे असं पाहिलं की मला टाळ्या वाजवाव्या वाटल्या, पण मी मेलेला.

संध्याकाळी चहाचा कप पुढं करायची. “घ्या. झाले जिवंत.”

“कसं जमलं?”

“जमलं. पण बोलाले कोणी नसते. ते मेलं जमत नाही.”

एवढंच एकदा म्हणाली. पुन्हा म्हणाली नाही.

त्या शेंगांच्या दिवशी मी चहा केला अन् अंगणात नेला. ऊन तिच्या मांडीवरून उतरून खाली गेलं होतं. “उठ वं,” म्हटलं. ती उठली नाही. मला वाटलं, आज मेलेलं राहायचा तिचा नंबर आहे, मला शिकवून राहिली. म्हणून मी जरा वेळ गंमत म्हणून गप्प बसलो, चहा पीत. अर्धा कप प्यालो. मग तिच्या हाताला हात लावला.

गुरुजी आले. डॉक्टर आला. सावनेरहून पोरगी अन् जावई आले. लोक म्हणाले, झोपेत गेली, पुण्यवान. असेल. माझ्या माघारी राहायची तिची सगळी तयारी झाली होती. कडी हाताला येत होती, बटण हाताला येत होतं, शेजारी हाक ऐकू जात होती. माझी काहीच तयारी नव्हती. मी तिच्या माघारी एक दिवससुद्धा राहून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायची तयारी झाली. गल्लीतले सगळे आले होते, तिनं ज्यांच्या चुका काढल्या ते दोन मिस्त्रीसुद्धा. तिला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. चौघं उभे राहिले. जावई म्हणाला, “मामाजी, पायऱ्यांवरून घेतो. तीनच आहेत, लवकर होईन.”

“नाही,” म्हटलं. “ती तिकडून जाते.”

“पण तिकडं चपलाच चपला आहेत.”

मी बाहेर येऊन पाहिलं. आलेल्या लोकांनी सगळ्या चपला-जोडे उतारावर काढले होते. ओट्यापासून वळणापर्यंत, वळणापासून फाटकापर्यंत. त्यांचं काय चुकलं? जागा दिसली, काढल्या. मी खाली बसलो. गुडघा वाजला. पहिली जोडी उचलली अन् भिंतीला लावून ठेवली. मग दुसरी. बायका रडायच्या थांबल्या. गुरुजी म्हणाले, “अहो, राहू द्या, आम्ही करतो.” पोरगी म्हणाली, “बाबा, उठा ना.” मी कोणाला हात लावू दिला नाही. बसत, सरकत, एकेक जोडी बाजूला करत खाली गेलो. खराट्याच्या रेघा तळहाताला लागत होत्या. फाटकापाशी एक लहान लेकराची चप्पल होती, ती शेवटची. ती उचलली, वर वळून पाहिलं. उतार वरपासून खालपर्यंत मोकळा होता.

मग मी फाटक उघडलं अन् बाजूला झालो.